लिंबाजीराव आणि विलायती रेझर

माझ्या गालावरून परक्या पुरुषाची बोटे फिरली, तेव्हा मी त्याच्याच बदलीचा हुकूम वाचत होतो.

परभणीच्या कचेरीत मी हेडक्लार्क होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षे झाली असतील. लिंबाजीराव ढगे त्या सकाळी बदलून आले, रीतसर नमस्कार केला आणि हुकूम माझ्या हाती दिला. मी वाचू लागलो. तेवढ्यात ते टेबलावरून वाकले आणि बोटांची मागची बाजू त्यांनी माझ्या कानापासून हनुवटीपर्यंत शांतपणे फिरवली.

"कशानं करता, सायेब? वस्तरा का सेफ्टी?"

माझे वडील वारल्यापासून माझ्या तोंडाला कोणी हात लावलेला नव्हता, आणि त्यांनी लावला तो मारण्यासाठी. शिपाई उत्तम पाण्याची घागर घेऊन दारात होता, तो घागरीसह तिथेच उभा राहिला.

"सेफ्टीच हाय," लिंबाजीरावांनी स्वतःच निकाल दिला. "अन् वजनदार हाय. हलक्या सेफ्टीनं असा गाल येत न्हाई." मग ते आपल्या टेबलाकडे गेले आणि आवक-जावकेचे काम पाहू लागले.

त्यांच्यावर कारवाई करावी असा विचार माझ्या मनात आला. परंतु कलम कोणते लावावे, ते ठरेना.

लिंबाजीराव पन्नाशीला टेकलेले, उंच, किंचित पोक आलेले गृहस्थ होते. टोपी स्वच्छ, अक्षर रेखीव, काम चोख. त्यांच्या हातून टपाल गहाळ झाल्याचे मला आठवत नाही. दोष एवढाच, की सोमवारी त्यांचे तोंड पाहवत नसे. गालांवर वस्तऱ्याचे ओरखडे, हनुवटीवर वर्तमानपत्राच्या कागदाचे चिकटवलेले कपटे, आणि गळ्यावर तुरटी वाळून पांढरी पडलेली. जखमा बुधवारपर्यंत सुकत. शनिवारी खुंट वाढलेले असत. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने ते आपल्या गावी, पिंगळीला जात, आणि सोमवारी पुन्हा लढाईवरून परतल्यासारखे हजर होत.

"ढगेसायेब, आज गालावर पूर्णेचा रेल्वेफाटा दिसायलाय," उत्तम म्हणे. "मनमाडची लाईन कवा टाकायलाव?"

लिंबाजीराव हसत. जखम ताणली जाऊन पुन्हा वाहू लागे.

पिंगळीला त्यांचे घर होते आणि थोडी जमीन. पत्नी वारून बरीच वर्षे झालेली. मूल नव्हते. आई दुष्काळाच्या तोंडावर गेली. घरात दुसरे माणूस नाही, तेव्हा हा गृहस्थ बापाच्या जुन्या वस्तऱ्याने स्वतःच दाढी करत असणार आणि त्याला ती येत नसणार, असा आम्ही सर्वांनी तर्क केला. विचारले तर ते "घरचंच हाय" एवढेच म्हणत.

अशा माणसाने एखादा साधा सेफ्टी रेझर घ्यावा आणि विषय संपवावा. लिंबाजीरावांनी मात्र त्या विषयाचे व्रत केले होते.

बाजारात करीमभाईंचे कटलरीचे दुकान होते. त्यांच्या काचेच्या कपाटात एक विलायती रेझर मखमली डबीत ठेवलेला असे. अस्सल पितळी, वर चकचकीत मुलामा. मूठ फिरवली की माथ्यावरची दोन झाकणे उघडत आणि पाते आत बसे. त्याची किंमत ऐकून माणसे डबी आपल्या हाताने मिटून परत देत. लिंबाजीराव कचेरी सुटल्यावर रोज तिथे जात. रेझर तळहातावर घेऊन डोळे मिटत. मग हात हळूहळू थरथरवू लागत. आधी बोटे, मग मनगट, मग कोपरापासून सगळा हात. तसाच थरथरता रेझर गालावर टेकवून ते पाहत.

मी हा प्रकार स्वतः पाहिला. मला वाटले, यांना झटका आला. मी दुकानात धावलो.

"कुछ नै, साब," करीमभाई काउंटरवर कोपर टेकून म्हणाले. "रोज का है. पैले दिन मैं भी डर गया था, पानी मारा मुँह पे." मग लिंबाजीरावांकडे वळून, "मियाँ, लेना है तो लेव. नै तो रेझर को बुखार मत चढाव."

लिंबाजीरावांनी डोळे उघडले. "करीमभाई, स्वस्तातला द्या बरं."

करीमभाईंनी हलका, पत्र्याचा रेझर दिला. पुन्हा डोळे, पुन्हा थरथर. लिंबाजीरावांनी तो लगेच खाली ठेवला.

"उडतो," ते खेदाने म्हणाले. "हाताबरुबर उडतो. त्यो जड गालावर बसून ऱ्हातो. बैलासारका."

"लिंबाजीराव," मी म्हणालो, "तुमचा हात चांगला स्थिर आहे. तुमचे अक्षर मी रोज पाहतो. हा रेझर तुमच्या गालाला मानवेल का, एवढाच प्रश्न आहे."

"न्हाई, सायेब. मसला गालाचा न्हाई. मसला हाताचा हाय."

हे वाक्य त्यांनी पुढे मला इतक्यांदा ऐकवले, की ते कानी पडताच माझ्या कपाळाची शीर उडू लागे.

विलायती रेझर किमतीला साजेसा आहे की नाही, हे ठरवायला त्यांनी गावभर साक्षी काढल्या. जनावरांच्या डॉक्टरांचे गाल तपासले. नोटरी वकिलांचे तपासले. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या मामाच्या गालावरून बोटे फिरवली आणि जेवण अर्धे टाकून त्यांना बाहेर पडावे लागले. असाच रेझर माझ्या घरी आहे, तो मी तरुणपणी हैदराबादहून आणला, ही बातमी त्यांना कोणी दिली ते मला ठाऊक नाही. एका रविवारी, गाडीच्या वेळेआधी, मी तोंडाला फेस लावून आरशासमोर बसलो असता मागे आरशात लिंबाजीराव उभे दिसले.

"चालू द्या," ते म्हणाले, आणि समोर पाट ओढून बसले.

सभ्य माणसाला न्हाताना आणि दाढी करताना पाहू नये, एवढे आमच्या पिढीला शिकवावे लागत नसे. तरी आलेल्या माणसाला हाकलणे माझ्याच्याने झाले नाही. मी दाढी करू लागलो. ते गुडघ्यांवर हात ठेवून, कीर्तन ऐकावे तसे पाहत होते.

"सायेब, आता जरा हात कापल्यासारका करा."

"काय करू?"

"हात. थरथरवा. म्हाताऱ्या माणसावाणी."

"लिंबाजीराव, मी दाढी करतो आहे."

"म्हणूनच म्हणायलोय." आणि मी सावध होण्याआधी त्यांनी उठून माझे मनगट धरले व गदागदा हलवले.

पाते गळ्यावर होते. पुढचा क्षण मी लिहिणार नाही. आत सौभाग्यवतींच्या हातून कप पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग लिंबाजीरावांनी माझी हनुवटी उचलून उजेडाकडे वळवली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी कोणाचा लॉटरी लागल्यावरही पाहिलेला नाही.

"रगत न्हाई! वैनी, बगा, थेंब बी न्हाई!"

मी अर्ध्या तोंडाला फेस असतानाच त्यांना दारापर्यंत पोचवले. "ह्यांना पुन्हा घरात घेऊ नका," सौभाग्यवती म्हणाल्या. "आज मनगट धरलं, उद्या मानच धरतील."

त्यानंतर थोड्याच दिवसांत औरंगाबादहून वरिष्ठ तपासणीला आले. दुर्दैवाने तो सोमवार होता. लिंबाजीराव आवक-जावकेची फाइल उघडून साहेबांपुढे वाकले, आणि त्यांच्या हनुवटीवरून एक थेंब निघून फाइलवर, नेमका साहेबांच्या सहीच्या जागी पडला.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"रगत हाय, सायेब."

"कोणाचं?"

"माझंच."

साहेबांनी पेन खिशात ठेवले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या खेपेला हा माणूस असाच दिसला, तर याला किनवटला पाठवा. तिथे जंगल आहे. खपून जाईल."

मी लिंबाजीरावांना बोलावून हे शब्दशः सांगितले. किनवटचे नाव ऐकताच ते खुर्चीला धरून उभे राहिले. तोवर मी त्यांना कधी घाबरलेले पाहिले नव्हते.

"किनवटहून दर आयतवारी पिंगळी कशी गाठावी, सायेब?"

"गाठता येणार नाही. म्हणून स्टेशनरोडच्या सलूनात जाऊन दाढी करून घ्या."

"सलूनात न्हाई."

"मग किनवट."

"सायेब, ही बदली मी मागून घेतली. वरीसभर अर्ज केले. पिंगळी जवळ पडावी म्हणून. पर सलूनात न्हाई."

नोकरीत मी अनेक हट्टी माणसे पाहिली. दाढीपायी किनवट पत्करणारा हा पहिलाच.

त्या शनिवारी लिंबाजीरावांनी विलायती रेझर विकत घेतला. कचेरीत ही वार्ता करीमभाईंनी स्वतः येऊन सांगितली. त्यांना कोणाजवळ तरी बोलायचे होते. लिंबाजीरावांनी मखमली डबी एका कोऱ्या उपरण्यात बांधली होती. उत्तमने उपरण्याला हात जोडले. "सोमवारी नवरदेव येतो बगा," तो म्हणाला.

सोमवारी लिंबाजीराव आले ते दाढी न करता. ओरखडा एकही नव्हता, कारण वस्तरा लागलाच नव्हता. शनिवारचे खुंट दोन दिवसांनी लांबले होते. आम्ही वाट पाहिली. पुढच्या सोमवारी दाढी अधिक वाढलेली. त्याच्या पुढच्या सोमवारी ती धरता येण्याजोगी झाली होती. परभणीतला सर्वांत महाग रेझर घेणाऱ्या माणसाने दाढी राखली, हे कोणाच्या पचनी पडेना. करीमभाई तर कचेरीच्या दारात येऊन नुसते पाहून गेले.

"रेझर बिघडला का?" मी विचारले.

"रेझर लय चांगला हाय, सायेब."

"मग?"

"मसला हाताचा हाय," ते म्हणाले. मग ते टपालाकडे वळले.

पुढची तपासणी जवळ येत होती. रविवारी मी पिंगळीला गेलो. तिथे मला दुसरे काही काम नव्हते, हे लिहून टाकलेले बरे.

स्टेशनावर एका माणसाला ढग्यांचे घर विचारले. "घरी कशाला सापडतेत?" तो म्हणाला. "ग्यानबा न्हाव्याच्या दारात बसले असतील. आयतवार आला की दिवसभर बसायलेत. म्हातारा बोलंना त्यांना."

लिंबाजीराव खरोखरच एका घरापुढच्या दगडावर बसले होते. मांडीवर उपरण्यात बांधलेली डबी. उंबऱ्याच्या आत एक वृद्ध दाराकडे पाठ करून बसलेला. मागे खुंटीला न्हाव्याची चामडी धोकटी टांगलेली. मला पाहून लिंबाजीराव धडपडत उठले आणि मला गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेले.

"हळू बोला, सायेब. ग्यानबामामांना ऐकू लय येतंय."

तिथे मला सगळे समजले. लिंबाजीराव स्वतः दाढी करतच नसत. घराण्याचे बलुते या ग्यानबांकडे होते. लिंबाजीरावांचे जावळ त्यांनी काढले. बाप गेला, आई गेली, तेव्हा डोके त्यांनीच केले. दर रविवारी दाढीही तेच करत. गेली दोन-तीन वर्षे त्यांचा हात कापू लागला होता.

"गाव हळूहळू टेशनावरच्या सलूनात जायलंय," लिंबाजीराव म्हणाले. "आता माझं एकच तोंड ऱ्हायलंय त्यांच्याकडं."

"मग हा रेझर त्यांच्यासाठी घेतला?"

"मंग काय? साध्या वस्तऱ्यानं हात कापला की गाल कापतोय. ह्यानं न्हाई कापत. तुमच्या गळ्यावर बगितलं की आपुन."

मी गळ्याला हात लावला. "मग ते रागावले कशाने?"

त्यांनी मान खाली घातली. त्यांच्याकडची रीत अशी, की बलुतेदाराला मोकळा करायचा तर त्याला कोरे उपरणे देतात, मान राखून. आणि घरात स्वतःचा वस्तरा आणला म्हणजे न्हाव्याचे काम संपले. लिंबाजीरावांनी आदर म्हणून कोऱ्या उपरण्यातूनच रेझर नेला आणि म्हाताऱ्यापुढे ठेवला. म्हाताऱ्याने उपरणे पाहिले, रेझर पाहिला, आणि धोकटी खुंटीला लावली.

"तुम्ही खुलासा का केला नाही?"

"काय खुलासा करू? तुजा हात कापायलाय म्हणून आणला, म्हणू? सगळ्या गावाला दिसायलंय ते. पर अजून कुणी त्यांना म्हणलेलं न्हाई." त्यांनी डबी या हातातून त्या हातात घेतली. "सायेब, घरात बोलायला भिंती हायेत. आठवड्यातून एकदा हनुवटी धरून कुणीतरी म्हणतंय, मान सरळ धर, लिंब्या. दुसरं कोण म्हणणार हाय मला?"

मी डबी त्यांच्या हातातून घेतली आणि ग्यानबांच्या उंबऱ्याशी गेलो.

"दाढी करायची आहे."

"काम सोडलं," म्हातारा पाठमोराच म्हणाला. "लोकांनी सेफ्ट्या घेतल्या."

"माझ्याकडेही आहे. हा असाच. मला तो चालवता येत नाही."

म्हातारा वळला. माझ्या मागे लिंबाजीरावांचा आवाज आला, "सायेब, तुमाला तर—"

"लिंबाजीराव, गप्प बसा," मी म्हणालो. आणि म्हाताऱ्याला, "कानाखाली केस राहतात. गळ्याला जमत नाही. शिकवणारा कोणी नाही. करून द्या."

हे धादांत खोटे होते. गेल्या तीस वर्षांत माझ्या कानाखाली केस राहिलेला नाही, आणि त्या सकाळीही गाडीला निघण्यापूर्वी मी गुळगुळीत दाढी केलेली होती. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मी दगडावर बसून चुकलो होतो.

ग्यानबा पुढे आले. उकिडवे बसले. माझी हनुवटी धरली आणि बोटांची मागची बाजू माझ्या कानापासून हनुवटीपर्यंत फिरवली.

मी त्या स्पर्शाने दचकलो. तो मला ओळखीचा होता. लिंबाजीराव तो कोठे शिकले, हे मला तेव्हा कळले.

"कुठं हायेत केस?" म्हाताऱ्याने विचारले.

"आहेत," मी म्हणालो.

त्यांची बोटे माझ्या गालावर थरथरत होती. ती आम्हा दोघांनाही जाणवत होती. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, वाढलेल्या दाढीने उभ्या असलेल्या लिंबाजीरावांकडे. मग स्वतःच्या हाताकडे.

"लिंब्या," ते म्हणाले, "असा खांबावाणी उभा कामून? पाणी आण."

त्यांनी माझ्या केस नसलेल्या तोंडाला साबण लावला आणि त्या जड रेझराने सावकाश, एक जागा न सोडता, माझी दाढी केली. हात कापत होता. रेझर मात्र गालावर बसून राहिला.

"मान सरळ धरा," ते मध्येच माझ्यावर खेकसले. मी धरली.

माझे झाल्यावर लिंबाजीराव बसले. "काय हे रान वाढिवलंय," म्हातारा पुटपुटला. लिंबाजीरावांनी डोळे मिटले होते. मी रामराम न घेताच स्टेशनाकडे निघालो.

वरिष्ठ तपासणीला आले तो पुन्हा सोमवारच होता. साहेबांनी लिंबाजीरावांच्या तोंडाकडे निरखून पाहिले. ते स्वच्छ होते. किनवटचा विषय निघाला नाही. मग साहेब माझ्याकडे वळले आणि थांबले. माझ्या कानाखाली कागदाचा एक बारीकसा कपटा होता. म्हाताऱ्याचा हात आदल्या दिवशी जरा जास्तच हलला होता, आणि पिंगळीची पॅसेंजर मला आता पाठ झाली होती.

"हे काय?" साहेबांनी चकित होऊन विचारले.

"रक्त आहे, साहेब."

"कोणाचं?"

"माझंच," मी म्हणालो, आणि मान सरळ धरली.